रेघेवरचा कागद

न्हाणीघरात बादलीत पाणी पडायला लागलं, तशा काकू झटकन उठल्या. पेंटरांनी काल रंगवलेला पुठ्ठा खिडकीत वाळत ठेवला होता, तो त्यांनी उचलून उजेडात धरला. चहाचा कप होता. गोलाई सुरेख उतरली होती, वरच्या वाफेची वळणंही. पण कपाचा कान कपाला सोडून भलतीकडेच जाऊन लटकला होता, आणि बशीची कड पुठ्ठ्याबाहेर निघून गेली होती.

काकूंनी खळीची वाटी पुढे ओढली. जुन्या पाकिटाच्या निळ्या अस्तराचा तुकडा हातानंच कानाच्या आकाराचा फाडला आणि कान जिथे असायला हवा होता तिथे चिकटवला. चुकलेल्या कानावर बसची तिकिटं आडवीतिडवी बसवली. बशीच्या पळालेल्या कडेवर शिंप्याकडून आणलेली सुती चिंधी. सगळं तळव्यानं दाबून घेतलं, आणि पाण्याचा आवाज थांबायच्या आत पुठ्ठा होता तिथे परत गेला.

"वाळला का गं?" टॉवेलनं डोकं पुसत पेंटरांनी विचारलं.

"वाळला. छान झालाय कप."

"हात आहे तो," पेंटर म्हणाले. "डोळे जाईनात का. हात कुठे जातोय?"

काकूंनी खळीच्या वाटीवर ओलं फडकं घातलं.

त्यांना सगळं गाव पेंटर म्हणायचं. एके काळी बाजारातली निम्मी दुकानं त्यांच्या हाताखालून गेलेली. न्हाव्याच्या पाटीवरची कात्री, चहावाल्याचा कप, चपलांच्या दुकानावरचा ऐटबाज बूट, सगळं त्यांचं. शिडीवर चढून, खुणेची दोरी न मारता, एका दमात ते अशी सरळ ओळ काढायचे की खाली उभी राहून माणसं बघत बसायची. मग छापील फलक आले. एका रात्रीत रंगीबेरंगी, चकचकीत, आणि पेंटरांच्या पाट्यांपेक्षा स्वस्त. एकेक पाटी उतरली. पेंटर कुणाला वाईट म्हणाले नाहीत. ब्रश धुऊन डब्यात उभे केले आणि म्हणाले, "शिडी तरी विकू नकोस. माळ्यावरचं काढायला होईल."

काकूंचं वेगळंच होतं. त्या छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात होत्या. छापलेल्या मोठ्या कागदांच्या, फर्म्यांच्या, घड्या घालणं, शिवणं, पुठ्ठा चढवणं, यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. छापखाना बंद पडला, पण हातांना ते कळेना. कागद दिसला की घडी घालावीशी वाटायची. मग त्यांनी घरीच वह्या शिवायला घेतल्या, पण विकतचं काही आणायचं नाही असं ठरवून. एका बाजूनं कोरे राहिलेले जुने अर्ज, औषधांच्या खोक्यांचे पुठ्ठे, फाटक्या नकाशांचे तुकडे, पाकिटं, बटणं, शर्टाच्या कॉलरी, दाराच्या पडद्यांची किनार. एकही पान दुसऱ्यासारखं नाही. लिहा, चिकटवा, चित्रं काढा. रस्त्यात काही पडलेलं दिसलं की काकू वाकल्याच. "हिच्याबरोबर चालायचं म्हणजे कोंबडीबरोबर चालणं," पेंटर म्हणायचे. "दर पावलाला टिपतेय." शेजारची पोरं त्यांना चिकटकाकू म्हणायची, कारण त्यांच्या बोटांना कायम खळ असायची आणि दारात कुणाच्या गालाला हात लावला की गाल चिकटायचा.

एकदा एक पुठ्ठा नुसताच पडला होता. पेंटरांनी तो हातात घेतला, उलटापालटा केला आणि न विचारता त्यावर सायकल काढली. काकूंनी कोपऱ्यात एक चिंधी लावली, शोभेला. त्या दिवसापासून घरात दोन कारागीर झाले. मुलगी परगावी दिलेली. ती आली तेव्हा चार वह्या घेऊन गेली आणि तिथल्या एका दुकानात दाखवून आली. दुकानवाल्या बाईंनी सगळ्या ठेवून घेतल्या आणि आणखी मागितल्या. पेंटर पुन्हा सकाळी दाढी करून कामाला बसायला लागले. घरातल्या घरातच, पण इस्त्रीचा शर्ट घालून.

डोळ्यांचं मागाहून आलं. डॉक्टरांनी सांगितलं, पडदा झिजलाय, यावर ऑपरेशन नाही. कडेकडेचं दिसत राहील, मधलं जाईल. तसंच झालं. पेंटर घरात कुठे अडखळत नसत, उंबरा ओलांडत, पाण्याचा तांब्या बरोबर घेत. पण ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं व्हायचं. मुलीला आवाजावरून ओळखायचे. काकूंकडे बघायचं असलं की जरा बाजूच्या भिंतीकडे बघायचे.

रंगकाम मात्र त्यांनी सोडलं नाही, आणि सोडा म्हणायची काकूंची छाती झाली नाही. पहिली रेघ चुकली तेव्हा त्यांनी वर एक तिकीट लावलं. कोपऱ्यात काहीबाही लावायची त्यांची सवय पेंटरांना माहीतच होती, त्यामुळे हाताला कागद लागला तरी शंका यायचं कारण नव्हतं. मग दुसरी चुकली. मग चुकेना अशी रेघच राहिली नाही. कागदावर कागद, चिंधीवर चिंधी. मुलगी फोनवर म्हणाली, आई, बाबांना सांगून टाक, उद्या कळलं तर वाईट वाटेल. काकू म्हणाल्या, कळलं तर ना. आणि गंमत अशी की वह्या पूर्वीपेक्षा जास्त खपायला लागल्या.

एके दुपारी दुकानवाल्या बाई स्वतःच घरी आल्या. भल्या होत्या. दोघांच्या पाया पडायच्याच बाकी होत्या. नव्या वह्या मांडीवर घेऊन एकेकीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या की आधीची चित्रं सुबकच होती, पण खरी मजा या नव्या पद्धतीत आहे. चित्र काढायचं, आणि मग अर्धं झाकून टाकायचं. लोक त्यावरच भाळतात. "ही कल्पना कुणाची हो?" त्यांनी विचारलं.

चुलीपाशी काकूंच्या हातातली गाळणी तशीच राहिली.

पेंटर भिंतीकडे बघत होते. म्हणाले, "आमच्या हिची. मी आपला रंग लावणारा."

मग त्यांनी बाईंना आग्रह करून दुसरा कप चहा घ्यायला लावला, पाट्यांच्या जुन्या गोष्टी सांगून हसवलं, दारापर्यंत पोचवायला गेले. परत येऊन खुर्चीत बसले आणि काकूंकडे एक वही मागितली. कुठली, असं काकूंनी विचारलं. कुठलीही, म्हणाले.

त्यांनी बोटांनी मुखपृष्ठ वाचायला सुरुवात केली. रंगाचा गुळगुळीत भाग लागला की बोट पुढे जाई, कागदाची कड लागली की थांबे. एका तिकिटाची कड त्यांनी नखानं जराशी उचलली, पुन्हा दाबून बसवली.

"किती दिवस चाललंय?"

"बरेच," काकू म्हणाल्या.

"सगळ्यांवर?"

काकूंनी मान हलवली, आणि मग लक्षात येऊन तोंडानं हो म्हणाल्या.

पेंटर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, "पाटी चुकली की दुकानदार तोंडावर सांगायचा मला. भर रस्त्यात सांगायचा. मी पुसायचो आणि पुन्हा काढायचो. तू मला पुन्हा काढूच दिलं नाहीस."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून—"

"वाटलं असतं की. वाटू द्यायचं होतंस."

त्या दिवसापासून ब्रश डब्यात गेले. पेंटर दारातल्या खुर्चीत बसून राहायचे. जेवायला हाक मारली की यायचे, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचे, मीठ कमी असलं तरी बोलायचे नाहीत. इस्त्रीचे शर्ट कपाटात पडून राहिले. काकूंनी वह्या शिवल्या, नुसत्या पुठ्ठ्याच्या. शिवताना दोरा ओढल्याचा आवाज तेवढा घरात व्हायचा. संसारात त्यांची भांडणं काय कमी झाली होती? शिडीवरून, पाहुण्यांवरून, मुलीच्या लग्नावरून. पण भांडणात दोन माणसं असतात. इथे काकू एकट्याच.

असे कितीतरी दिवस गेले. मग एका सकाळी काकू खळ शिजवत असताना मागून आवाज आला.

"पुठ्ठा आण एक. आणि टर्पेंटाइनची बाटली. आज खोटं बोलायचं नाही."

न्हाव्याची कात्री काढायला घेतली त्यांनी. डोळे मिटूनही काढतील अशी होती ती. काकू शेजारी पाटावर बसल्या. पहिलं पातं खाली आलं आणि मध्येच वळलं. काकू म्हणाल्या, "डावीकडे गेलं."

"किती?"

"बोटभर."

पेंटरांनी चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवून रेघ पुसली. पुन्हा काढली.

"आता?"

"वर गेलं. मूठ दोन ठिकाणी झालीय."

पुन्हा पुसलं. पुन्हा काढलं. दोन पाती जुळेनात. उन्हाची तिरीप जमिनीवरून सरकत भिंतीला लागली. पेंटरांच्या शर्टाची बाही काळी झाली, पुठ्ठा पुसून पुसून राखाडी झाला, ओला होऊन फुगला. काकू दर वेळी खरं सांगत होत्या आणि दर वेळी त्यांना वाटत होतं, आता बास, आता सरळ म्हणून टाकावं. म्हटलं नाही. शेवटी पेंटरांनी ब्रश खाली ठेवला.

"उमेदवारीतसुद्धा एवढी घाण पाटी काढली नव्हती मी," ते म्हणाले आणि हसले. हसता हसता त्यांचे खांदे हलायला लागले, आणि ते हसणं नाही हे काकूंना कळलं. त्यांनी पाठीवर हात ठेवला. खळीचा हात शर्टाला चिकटला. दोघंही तसेच बसून राहिले.

बऱ्याच वेळानं पेंटरांनी नाक पुसलं. "चिकटव आता," म्हणाले. "पण मला दाखवून."

काकूंनी त्यांचं बोट धरून बिघडलेल्या रेघेवरून फिरवलं. इथून गेली, इथे वळली, इथे बाहेर पडली. पेंटरांनी तुकड्यांच्या डब्यात हात घातला. एक कागद चुरगाळून बघितला, हा नको म्हणाले, फार मऊ आहे. एक कॉलरीचा तुकडा काढला. "हा घे. ताठ आहे. कात्रीला ताठ पाहिजे."

पुढे असंच चाललं. सकाळी पेंटर रंगवायचे, दुपारी दोघं मिळून झाकायची. कधी ते म्हणायचे, ही रेघ राहू दे, हिला नको झाकू. का, असं विचारलं तर सांगायचे नाहीत. इस्त्रीचे शर्ट पुन्हा बाहेर आले. त्या दिवसांत काकूंनी मनातल्या मनात देवाचे आभार मानले, आणि कुणाची दृष्ट लागू नये म्हणून ते कुणाला सांगितलं नाही.

थंडीत पेंटरांच्या छातीत कफ झाला. साधा खोकला म्हणून काढा दिला, मग गोळ्या, मग दवाखाना. मुलगी धावत आली. शेवटच्या दिवशी ते बाजूच्या भिंतीकडे बघत होते, म्हणजे काकूंकडेच. काकूंना ते ठाऊक होतं. नर्सला वाटलं, पेशंटचं लक्ष नाही.

मुलगी बरेच दिवस राहिली. चल माझ्याकडे, म्हणाली. एकटी काय करणार इथे? काकू म्हणाल्या, येईन, एवढ्या वह्या हातावेगळ्या करते. जाताना मुलगी शिडीला टेकून रडली आणि गेली.

दुकानवाल्या बाईंचा फोन आला. त्यांनी जपून, सावकाश विचारलं. घाई नाही, पण जमलं तर त्याच पद्धतीची मुखपृष्ठं हवी होती, लोक विचारतात. काकूंनी जमेल म्हणून सांगितलं. कागद काय, घरभर होते. चिंध्याही होत्या. हात तर तेच होते.

पुठ्ठा समोर घेऊन त्या बसल्या. नकाशाचा तुकडा लावून पाहिला, काढला. त्याच्या जागी पडद्याची किनार लावली. ती वर घेतली, खाली घेतली. कुठेही लावली तरी चालणार होती, आणि म्हणूनच कुठे लावावी ते कळेना. खाली झाकायला काही नव्हतं. खळ वाटीत सुकून तिच्यावर साय धरली. काकूंनी पुठ्ठा कोराच बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी कपाट आवरताना तळाशी एक वही सापडली. पाठ तिरकी शिवली गेली म्हणून दुकानात न पाठवलेली. जुनीच, लपवाछपवीच्या काळातली. सगळं मुखपृष्ठ तिकिटांनी आणि पाकिटांच्या तुकड्यांनी भरलेलं. मध्ये एक हँडल तेवढं दिसत होतं, सायकलचं. खाली काय होतं ते काकूंना काही केल्या आठवेना. तेव्हा घाई असायची. पाणी थांबायच्या आत उरकायचं, बघत कोण बसतंय.

त्यांनी फडकं कोमट पाण्यात भिजवलं आणि मुखपृष्ठावर पसरून ठेवलं. खळच ती, पाण्यानं सुटणारच. रंग तेलाचा, त्याला काही होणार नव्हतं. जरा वेळानं एका कोपऱ्यापासून कागद उचलायला सुरुवात केली. तिकीट आलं, अस्तर आलं. फाटू न देता, एकेक.

सायकलची चौकट नीट होती. पुढचं चाक गोल होतं, जागेवर होतं. मागचं चाक चौकटीपासून सुटून, आपलं आपणच, पुठ्ठ्याच्या कडेला निघालं होतं. त्याच्या आऱ्या मात्र पेंटरांनी एकही न चुकवता भरल्या होत्या.

काकूंनी बोटानं उरलेली खळ पुसली. वही उभी उघडून खिडकीत ठेवली, चित्र बाहेरच्या बाजूला करून, आणि वाळेपर्यंत तिथेच बसून राहिल्या.