वरचं पाणी

हेमांगी शिरगावच्या मच्छीमारांच्या घरातली. सुकटीच्या वासात लहानाची मोठी झालेली. मासळी बघून नाक धरणाऱ्यांचं तिला हसू यायचं. पण ती कामाला होती त्या बोईसरच्या लॅबच्या काउंटरवर मच्छीमार सोसायटीच्या सोमीमावशीनं बादलीचं झाकण काढलं, तेव्हा हेमांगीनंच नाक धरलं. आत खाडीतल्या मेलेल्या बोया होत्या. डोळ्यांवर दुधी साय, कल्ल्यांत काळा चिकटा. सडक्या मासळीचा वास तिला ठाऊक होता. हा तो नव्हताच. यात जळक्या रबराचा आणि कसला तरी गोडसर वास होता. तो गोडवा घशात जाऊन बसला.

"सोसायटीनं धाडलंय," सोमीमावशी म्हणाली. "आख्खी खाडी मेल्या माशांनी पांढरी झाली. ही बोय, हा नाल्याच्या तोंडाचा पानी, न हा तिथलाच गाळ. त्यात काय हाय ते नीट बघ, बाय. आमची पोरं हात घालतात त्यात."

पावती घेऊन मावशी बाहेर पडली, तसे लॅबचे मालक धीरजसर नाकाला रुमाल लावून आले. तो नाला ज्या कारखान्यामागून येतो, त्याच कारखान्याच्या कामावर ही लॅब चालायची.

"नमुने तू तयार कर," ते म्हणाले. "पण डोकं वापरून. पाण्याची बाटली हलवायची नाही. गाळ तळाशी बसू दे आणि वरचं निवळ तेवढं घे. माशाचं फक्त पाठीचं मांस, स्वच्छ धुऊन. काळीज, आतडी, कल्ले टाकून दे. गाळातली नुसती वाळू घे."

"सर, मग त्यात सापडणार काय?"

"सापडेल ते लिहू की. एक आकडा खोटा लिहायला सांगितलाय का मी तुला?"

ते हसले. त्या हसण्यानं तिला बादलीपेक्षा जास्त मळमळलं.

आत जाऊन तिनं हातमोजे चढवले. बाटलीच्या तळाशी जांभळट साका जमला होता. तिनं बाटली घट्ट धरली आणि खळाखळा हलवली. पाणी गढूळ, तपकिरी झालं. ते मोजून चंचुपात्रात घेतलं, आम्ल घातलं आणि वाफा ओढून घेणाऱ्या हूडखाली तापत ठेवलं. गाळ ओव्हनमध्ये वाळत घातला. मग बोय चिरली. पोटातून काळीज निघालं ते हिरवट, बुळबुळीत, बोटाला लागताच विरघळणारं. ती बेसिनकडे धावली, ओकली, चूळ भरली आणि परत येऊन ते काळीजही मांसाबरोबर बारीक केलं.

तेवढ्यात धीरजसर आले. पात्रातलं गढूळ पाणी बघून त्यांचा चेहरा उतरला.

"हलवलीस?"

"हो."

त्यांनी पात्रं उचलून एकामागून एक सिंकमध्ये ओतली आणि वर नळ सोडला. "विपुल, तू कर."

विपुल तिच्याच टेबलावर काम करणारा, तारापूरचा. डब्यातली भाजी तिच्यापुढे सरकवणारा. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. बाटलीतला गाळ पुन्हा बसेपर्यंत तो थांबला, आणि पिपेटचं टोक पृष्ठभागाच्या जरासं खाली धरून वरचं पाणी ओढून घेतलं. पाठीचं मांस तीनतीनदा धुतलं. फ्लास्कच्या खुणेशी डोळा लावून ऊर्ध्वपातित पाणी थेंब थेंब भरलं. कुठे सांडलं नाही, कुठे डाग नाही. इतक्या स्वच्छ हातांनी चाललेली ती घाण हेमांगीला बघवेना.

तिनं कोट काढून खुंटीला अडकवला.

"उरलेला नमुना सोसायटीचा आहे, सर. मी परत देते."

"ने, ने ती घाण इथून!" रुमालाआडून धीरजसर ओरडले. "आणि उद्यापासून येऊ नकोस."

सोमीमावशी बाजार उरकून नाक्यावर रिक्षाची वाट बघत होती. हेमांगी बादली आणि पिशवी घेऊन आली तशी ती दचकली.

"काय झालं गं?"

"मावशी, यांचा कागद आला तरी त्यावर विसंबू नका. दुसरीकडे जाऊ."

रिक्षावाला बादलीकडे बघून म्हणाला, "नहीं दीदी, गाड़ी में बदबू बैठ जाएगी." दुसराही तेच म्हणाला. शेवटी मावशीच्या भाच्याचा मासळीचा टेम्पो आला. मागे बर्फाच्या पेट्यांमध्ये बसून, बादली पायांत धरून, दोघी वसईच्या लॅबला गेल्या. वाटेत हेमांगी दोनदा वाकून ओकली. मावशी तिची पाठ चोळत राहिली.

तिथला अहवाल आला तो वाचून सोसायटीनं प्रदूषण मंडळाकडे तक्रार केली. पारा, शिसं, सगळंच मर्यादेबाहेर. बोईसरच्या लॅबचाही आला. त्यात सगळं ठीकठाक. सुनावणीत दोन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवले गेले. नाल्याचं तोंड बंद करायचा हुकूम निघाला. कारखान्यानं वरच्या कचेरीत दाद मागितली, आणि ते प्रकरण अजून मिटलेलं नाही. खाडीत जाळं टाकायला मात्र अजून कुणी धजत नाही. हेमांगी आता पालघरच्या एका कॉलेजात मुलांच्या प्रयोगांसाठी द्रावणं बनवते. पगार कमी आहे.

सुनावणीनंतर एका संध्याकाळी विपुलचा फोन आला.

"माझं नाव सांगितलंस का गं कुणाला?"

"नाही."

"मी तरी काय करणार होतो? तू सांग."



"विपुल, तुझ्या डब्यातलं मी किती वेळा खाल्लंय," ती म्हणाली. "आता आठवलं तरी उलटी येते."

पलीकडे तो काहीतरी बोलू लागला होता. तिनं फोन ठेवला, आणि साबण लावून हात धुतले.