पहिल्या डब्यातला ब्रेक

मी पहिला डबा बोलतोय. आगगाडीचा नव्हे हं, तिला कुठेतरी पोचायचं असतं. मी मोठ्या बागेतल्या रोलर कोस्टरचा पहिला डबा. जिथून निघतो तिथेच परत येतो, आणि एवढ्यासाठी चांगली शहाणीसुरती माणसं दीड दीड तास उन्हात रांग लावतात.

माझा जन्म कारखान्यातला. सहा भावंडांत मी थोरला, म्हणून रंगाऱ्याने माझ्या नाकावर लाल रंगाचा एक हात जास्त मारला. तेव्हापासून जरा तोरा आहे, तो चालवून घ्या.

माझे पहिले प्रवासी म्हणजे वाळूची पोती. चाचणीसाठी माणसांच्या वजनाची पोती बसवतात. फार गुणी प्रवासी! ओरडली नाहीत, शेजारच्याचा दंड पिरगाळला नाही, आणि उतरल्यावर "मी कुठे घाबरलो होतो?" असं कोणाला विचारलंही नाही.

मग माणसं आली, आणि माझी करमणूक सुरू झाली. कवळी रुमालात बांधून बसणारे आजोबा पाहिले. "माझ्यावर विसंबून राहा" असं बायकोला सांगून पहिल्याच उतरणीला "आई गं" करणारे नवरे तर किती पाहिले त्याची गणतीच नाही. पण माझी एक जुनी तक्रार आहे. माझ्यात जागा दोनच, आणि त्या दोन जागांसाठी सख्खे भाऊ भांडतात. भांडून बसतात. साखळी मला चढणीवर ओढायला लागते, खालून कट् कट् असे ठोके पडतात. बरोबर त्रेसष्ट. त्रेसष्टाव्या ठोक्याला मी शेंड्यावर असतो आणि तिथे क्षणभर थबकतो. खाली अख्खी बाग, तळं, पलीकडचे रस्ते, सगळं पायाशी. आणि नेमके तेव्हाच हे दीडशहाणे डोळे गच्च मिटून घेतात! उतरल्यावर पुन्हा घरच्यांना म्हणतात, "वरून काय दिसतं म्हणून सांगू!" सांगणार काय, कपाळ?

सतरा वर्षं हे दुःख मी एकट्याने गिळलं. मग एका सकाळी ताई आली.

ताई साठीच्या पुढची, जन्मापासून अंध. एका दवाखान्याच्या टेलिफोनवर तिने एकतीस वर्षं काम केलं होतं. नुसत्या "हॅलो"वरून समोरच्याला बाळ झालंय की ताप आलाय ते ओळखायची म्हणे. निवृत्त झाली त्या दिवशी सगळ्यांनी विचारलं, आता काय करणार? तिने सांगितलं, रोलर कोस्टरमध्ये बसणार, आणि तेही पहिल्या रांगेत.

सोबतीला तिचा धाकटा भाऊ. वय पंचावन्न, तरी ताईच्या तोंडी तो 'छोट्या'च. धंद्याने मोटार शिकवणारा मास्तर. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून त्याचा जन्म गेला होता, आणि त्याच्या बाजूलाही एक जादा ब्रेक असायचा. त्यामुळे हा गृहस्थ कशातही बसला, अगदी लिफ्टमध्येसुद्धा, तरी त्याचा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधायचा.

फलाटावर देखरेख करणाऱ्या बाईंनी त्यांना अडवलं. बाई वाईट नव्हत्या, पण हातात नियमांची वही होती.

"गाडी वर अडकली तर एकशे बारा पायऱ्या उतराव्या लागतात. यांना कसं जमेल?"

"अहो बाई," ताई म्हणाली, "मला पायऱ्या दिसत नाहीत, तसा खालचा खड्डाही दिसत नाही. सांगा, घाबरणार कोण?"

मागच्या रांगेत हशा पिकला. बाईंना हसू आलं, पण वही काही हसेना. शेवटी वहीतूनच वाट निघाली. सोबत्याने लिहून द्यायचं, की आणीबाणीत प्रवाशाला मी सुखरूप खाली आणीन. मास्तरने छाती काढून सही ठोकली. ताईची काठी आणि काळा चष्मा फलाटावरच्या सामानाच्या खोक्यात गेला, आणि दोघं माझ्यात बसले.

ताईने आधी माझं नाक, मग मांडीवर येणारा दांडा, मग बाजूचे स्क्रू हाताने चाचपले. सतरा वर्षांत मला असं कोणी बघितलं नव्हतं. मी लाजलो असेन, पण लाल रंगात कळणार कुणाला?

"छोट्या, करार लक्षात आहे ना? वरून काय दिसतं ते सांगायचं. आजवर ज्याला त्याला विचारलं, सगळे म्हणतात सांगता येत नाही. मी रांगेत ऐकलंय, त्रेसष्ट ठोके, मग गप्प, मग किंकाळ्या. त्या गप्पमध्ये काय असतं ते मला हवंय."

मला तर हर्षवायूच व्हायचा राहिला. इतकी वर्षं मी ज्याची वाट बघत होतो, ते हिला हवं होतं!

साखळी लागली. मास्तर जोरात सुरू झाला. "हं, झाडं खाली गेली. तळं दिसतंय, त्यात होड्या आहेत. तिकिटाची खिडकी काडेपेटीएवढी झाली." तिसाव्या ठोक्याला आवाज बारीक झाला. चाळिसाव्याला तो म्हणाला, "आता... तसं विशेष काही नाही."

"डोळे मिटलेस."

"छे गं! उगाच काय?"

"मग पाय कसला आपटतोयस?"

खरंच, त्याचा उजवा पाय माझ्या पत्र्यावर घणासारखा पडत होता, पत्र्याला चक्क पोचा आला. आणि चोपन्नाव्या ठोक्याला मी थांबलो! मास्तरला क्षणभर वाटलं ब्रेक लागला. तसं काही नव्हतं, मागे कोणाची तरी टोपी वाऱ्याने उडून साखळीत अडकली होती. शेंडा अवघे नऊ ठोके दूर.

रुळालगतच्या जिन्याने खालून माणसं आली, मागच्या रांगा एकेक करून मोकळ्या केल्या. शेवटी आमच्यापाशी खुद्द बाई आल्या, कारण सही त्यांच्यासमोर झाली होती. त्यांनी दांडा उघडला. मास्तर उठेना.

"मी इथेच बरा आहे," तो म्हणाला. "गाडी सुरू झाली की येतो."

बाई त्याला समजवायला वाकल्या, आणि त्यांची नजर पायाखालच्या जाळीतून थेट खाली गेली. वही तोंडपाठ, पण वर कधी आल्या नव्हत्या. त्यांनी माझं नाक दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"काय झालं?" ताईने विचारलं.

कोणी बोलेना. पण ताईने एकतीस वर्षं लोकांचे श्वास ऐकले होते. तिला उमगायला कितीसा वेळ लागणार!

"बरं. दोघांनी डोळे मिटा. छोट्या, तुझे मिटलेलेच आहेत. ऊठ, राजा. एका हाताने कठडा, दुसऱ्याने माझा पदर. बाई, तुम्ही छोट्याचा सदरा धरा. मी मोजते. एक... दोन..."

अशी ती वरात निघाली. मी वरून बघत होतो. पुढे ताई, मध्ये सही केलेला सोबती, मागे नियमांची वही. "बावन्न... त्रेपन्न, इथे पायरी जरा उंच आहे हं..." आवाज लहान होत गेला. खाली टाळ्या पडल्या तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

पण माझे नऊ ठोके राहिले होते, आणि ताईचेही. टोपी निघाली, मला रिकामाच तीनदा फिरवला, गाडी ठीक आहे असं ठरलं. फलाटावर परत आलो तर ताई पहिल्याच दारात उभी! आणि बाईंच्या हातात वही.

"सोबती लागेल," बाई कसनुशा म्हणाल्या. "नियमच आहे."

मास्तर बाकावर बसून पाणी पीत होता. तो पांढराफटक पडला. "ताई, मागशील ते देतो. हे नको."

ताईने खोक्याकडे हात नेला आणि काठी परत मागितली. तिच्या चेहऱ्याकडे बघून मला, लोखंडाला, गलबलून आलं. घरी जायला निघाली होती ती. सगळ्यांच्या बातम्या ऐकून झाल्या, आणि स्वतःची तेवढी राहिली.

मास्तरने पाण्याची बाटली खाली ठेवली. "थांब," तो म्हणाला, "येतो. पण सही मी करणार नाही. पुन्हा खोटी पडेल."

"करूच नकोस," ताई म्हणाली. "बाई, प्रवासी म्हणून याचं नाव लिहा. सोबती मी."

बाईंनी वही उघडली, दोनदा वाचली. सोबत्याला डोळे हवेत असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. ताईने अंगठ्याने कागदाची कड चाचपून झोकदार सही केली.

या वेळी बोलत होती ताई. "चाळीस... छोट्या, आहेस ना? पन्नास... बाईंना विचारून ठेवलंय, वर गेल्यावर आधी डावीकडे वळण आहे, मान सैल सोड. साठ... एकसष्ट... बासष्ट..." त्रेसष्ट. मी थबकलो. जमेल तेवढा थबकलो, साखळीची बोलणी खाऊन.

"डोळे उघड, छोट्या."

त्याने उघडले. आधी एक, मग दुसरा. आणि ताईने स्वतःचेही टक्क उघडे ठेवले, वाऱ्यासाठी. सतरा वर्षांत माझ्या शेंड्यावर प्रथमच चार डोळे उघडे होते!

"सांग ना! काय आहे?"

"ताई... अगं... खूप आहे! खूप आहे गं!"

आणि आम्ही कोसळलो. ताई अशी हसली की मागच्या पाच भावंडांनी मला विचारलं, पुढे काय चाललंय? तिच्या डोळ्यांतून वाऱ्याने पाणी वाहत होतं, मास्तर "खूप आहे" ओरडत होता आणि ब्रेक दाबत होता. फलाटावर उतरताना ताई म्हणाली, "एवढ्या लोकांत तूच नीट सांगितलंस."

आता मी रुळावर नाही. नवे डबे आले, माझी चाकं काढली आणि मला फाटकाजवळ फोटोसाठी ठेवलं. लोक माझ्यात बसून खोटं खोटं ओरडतात, आणि फोटोतसुद्धा डोळे मिटतात! बाबांनो, एवढं ऐका. पुढची जागा भांडून मिळवा, हवं तेवढं बोंबला, पण वर गेल्यावर डोळे उघडा. घरी कोणीतरी विचारणारं असतं.

ताई आणि मास्तर वर्षातून एकदा येतात. आधी नव्या गाडीत बसतात, मग माझ्याकडे. ताई माझ्या पत्र्यावरचा तो पोचा हाताने शोधते आणि हसते. मास्तर शेजारी टेकतो. मला चाकं नाहीत, खाली फरशी आहे, समोर फुलझाडांची कुंडी आहे. तरीही त्याचा उजवा पाय हळूच पुढे सरकतो आणि बरोबर त्या पोच्यावर दाबून बसतो.