गढूळ पाण्याची बाटली

मित्रांनो, ही १९८६ सालची गोष्ट. मी एक जुना, लाकडी मुठीचा शिक्का आहे. एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवले आणि माझ्या रबरावर दोनच शब्द कोरले : ‘जागेवर पाहिले’.

सरकार शेततळ्यांना अनुदान देई. तळे खणून बांध घातला की अनुदान कचेरीतले पाहणीदार मला खिशात घालून शेतावर जात. बांधात पहार खुपसून पाहत, पायथ्याशी वाकून ओल चाचपत आणि मगच, तिथेच गुडघ्यावर अर्ज ठेवून मला उमटवत. त्यांचे बूट सदा बरबटलेले, म्हणून कचेरीत त्यांना सगळे ‘चिखलराव’ म्हणत. ते हसून सोडून देत. हा शिक्का बसला म्हणजे बांध पक्का, असे सारी पंचक्रोशी मानी. किती सुखाचे दिवस होते ते!

त्या वर्षी नवे साहेब आले. वर्षअखेर चार दिवसांवर आली होती आणि न वाटलेले अनुदान परत जाणार होते.

“चिखलराव, आधी शिक्के मारून घ्या,” साहेब म्हणाले. “शेतं काय पळून जाताहेत?”

चिखलरावांनी एका दुपारी टेबलाशी बसून चाळीस अर्जांवर मला उमटवले. त्यांच्या हाताला इतका घाम सुटला होता की मी दोनदा निसटलो.

दुसऱ्या दिवशी एक बाई आली. तिचे घर एका नव्या तळ्याच्या खाली, उतारावर होते. नवरा पाय मोडून अंथरुणाला खिळलेला. बांधाच्या पायाशी पाझर फुटला, असे सांगून तिने त्या पाण्याची बाटली टेबलावर ठेवली. चिखलरावांनी ती उजेडात धरली. पाझर स्वच्छ असला तर फारसे भय नसते. गढूळ आला की बांधाची माती आतून वाहून चालली असे समजावे. हे त्यांनीच कितीतरी जणांना शिकवले होते. त्यांनी त्या तळ्याचा अर्ज काढला. त्यावर मी बसलो होतो. आता जाऊन बांध कच्चा ठरवला, तर खोटा शिक्का उघडा पडणार होता.

“ताई, नवा बांध थोडा पाझरतोच. वाटप झालं की येतो.”

“तोवर थांबेल ना, दादा?”

“थांबेल,” ते अर्जाकडे बघत म्हणाले.

बाटली माझ्या शेजारीच राहिली. संध्याकाळपर्यंत तिच्या तळाशी बोटभर माती बसली. मी ती बघत होतो आणि मला बोलता येत नव्हते.

सकाळी ती दुसरी बाटली घेऊन आली. हे पाणी चहासारखे दिसत होते.

“आता धार लागलीय. आमच्या माणसाला उठता येत नाही. चला ना माझ्याबरोबर.”

चिखलराव उठले. मला खिशात टाकून दारापर्यंत गेले, तोच फोन वाजला. साहेबांनी तो घेतला, ऐकला, आणि बाईकडे एकदा पाहून हळूच खाली ठेवला.

मित्रांनो, मला पाय नाहीत, तुम्हाला आहेत. कोणी दाराशी येऊन ‘चला, बघा’ म्हणाले, तर त्याच पावली निघा.

फुटलेल्या बांधाची आणि त्या पाण्यात वाहून गेलेल्या घराची चौकशी झाल्यावर मला कापडी पिशवीत घालून, लाखेने बंद करून कचेरीच्या कपाटात ठेवले. कपाटाशी चालणाऱ्या गप्पांतून थोडेफार कळते. साहेब बढती मिळून दूर गेले. तळ्याच्या मालकाने तळे बुजवले. चिखलरावांनी नोकरी सोडली. ते कोणी न बोलावता लोकांचे बांध तपासत हिंडत, आणि तसेच हिंडता हिंडता म्हातारपणी थकले. बाई लेकीच्या गावी राहायला गेली. तिथे विहिरीजवळ चांगली खोली मिळत होती. तिने टेकडीच्या माथ्यावरची घेतली, आणि या वयात दोन वेळा पाणी वर वाहून नेते.