परीक्षेला बसलेला टीव्ही

मित्रांनो, मी एक वापरून बाजूला ठेवलेला ओलेड टीव्ही आहे. वय अवघं चार वर्षं, पण आमच्या जातीत चार वर्षं म्हणजे केस पिकायचं वय. तुमच्या घरातल्या टीव्हीला कुणीतरी हौसेने विकत आणलेलं असतं. मला कुणी हौसेने आणलं नाही. मला परीक्षेला बसवलं होतं.

माझ्या काचेमागे ऐंशी लाखांहून जास्त बारीक ठिपके आहेत आणि प्रत्येक ठिपका आपला उजेड आपणच देतो. साध्या टीव्हीच्या पाठीमागे सतत दिवा जळत असतो, म्हणून त्याचा काळा रंग राखेसारखा दिसतो. माझा ठिपका मात्र काळा व्हायचा म्हणजे पुरता विझतो. विझणं सोपं असतं. विझायच्या जरा अलीकडे मिणमिणत राहणं, हे फार अवघड. ते मला हर्ष नावाच्या तरुण इंजिनियरने शिकवलं. कंपनीच्या बेंगळुरूमधल्या प्रयोगशाळेत तो आठ महिने माझ्यासमोर बसला होता. गुहा, विहिरी, चांदणं नसलेली रानं पाहत होता आणि माझा एकेक ठिपका सुधारत होता. एका दुपारी तो म्हणाला, "दिसतंय." मग डबा घेऊन जेवायला गेला. माझं कौतुक एवढंच झालं.

त्यानंतर यशवंतपूरच्या गोदामातून टेम्पोत बसून मी येलहंक्याला आलो, रघुनंदन यांच्या घरी.

रघुनंदन सत्तेचाळीस वर्षांचे. त्यांच्या घराण्याच्या कितीतरी पिढ्या बेंगळुरूतच गेल्या. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. कोरमंगलात कार्यालय असलेल्या एका संकेतस्थळासाठी ते वीस वर्षं टीव्हींची परीक्षणं लिहीत होते. सिनेमाला कोणता चांगला, सामन्यांना कोणता, व्हिडिओ गेम खेळायला कोणता, हे ते सांगायचे आणि लोक तोच घ्यायचे. "अण्णांच्या डोळ्याला यंत्र लागत नाही," असं लोक म्हणत. त्यांनाही ते ऐकायला आवडत असावं.

पुढच्या खोलीच्या खिडक्यांना त्यांनी काळे पडदे लावले होते. भर दुपारी तिथे काळोख असे. पहिले आठ दिवस सिनेमे झाले. एक प्रसंग ते पुन्हा पुन्हा लावत: विहिरीच्या तळाशी एक बाई बसलेली असते, तिच्या खांद्यावर उजेडाची एक बारीक रेघ असते. मी ती रेघ दाखवत होतो. रघुनंदन पुढे सरकले, मागे सरकले, चष्मा पुसला. मग वहीत लिहिलं, 'काळोखात सगळं बुडतं.'

नंतर क्रिकेटचे सामने. ते माझ्या फार जवळ बसत. चेंडू मधोमध असेपर्यंत ठीक. सीमारेषेकडे गेला की ते मान वळवून त्याला शोधत. वहीत लिहिलं, 'वेगवान चेंडू कडेला हरवतो.'

गेमची चाचणी मात्र यंत्राने झाली. बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल होईपर्यंत किती वेळ जातो, ते यंत्राने मोजलं. तिथे मला पैकीच्या पैकी गुण मिळाले.

परीक्षण संकेतस्थळावर आलं. मथळा होता, 'अंधारात आंधळा टीव्ही'. मला वाईट वाटलं का, असं तुम्ही विचाराल. नाही वाटलं. जे आलं ते दाखवायचं, एवढंच मला येतं.

पंधरा दिवसांनी हर्ष आला. चेहरा उतरलेला. त्याने पिशवीतून मोजायचं यंत्र काढून माझ्या काचेला लावलं, विहिरीचा प्रसंग चालू केला आणि आकडा रघुनंदन यांच्यापुढे धरला.

"अण्णा, बघा. रेघ आहे."

"यंत्र ठिपका मोजतं. चित्र माणूस बघतो," रघुनंदन म्हणाले.

"मला चित्राच्या कामावरून काढलंय, अण्णा. आता तक्रारींचे फोन घेतो. तुमचं परीक्षण साहेबांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. स्वल्प, थोडंसं, पुन्हा एकदा बघाल का?"

"मी बघितलंय."

हर्षने यंत्र पिशवीत घातलं. "सरी," म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणाला आणि गेला. रघुनंदन यांनी त्या दिवशी विहिरीचा प्रसंग नऊ वेळा लावला. मी नऊ वेळा रेघ दाखवली.

मला परत न्यायला कंपनीची माणसं लवकर आली नाहीत. म्हणून रघुनंदन यांची मुलगी भूमिका कॉलेजातून आल्यावर माझ्यावर गेम खेळू लागली. एका शनिवारी दुपारी ती एका पडक्या किल्ल्याच्या भुयारात शिरली होती. रघुनंदन मागे कॉफी पीत बसले होते.

"रस्ता संपला की," ते म्हणाले. "परत फिर."

"संपला कुठे, अप्पा? समोर दार आहे."

"कुठे?"

"हे काय. कडी पण दिसतेय."

"कुठे?"

भूमिकाला वाटलं, अप्पा गंमत करतायत. ती उठली आणि तिने माझ्या काचेवर बोट ठेवलं. "इथे. हे दार. ही कडी. ही तुटलेली फळी. इतकं स्पष्ट तर आहे!"

रघुनंदन तिच्या बोटाकडे बघत राहिले. त्यांना बोट दिसत होतं. बोटाच्या पुढचं दिसत नव्हतं. कॉफीचा लोटा त्यांनी हळूच जमिनीवर ठेवला.

"बंद कर," ते म्हणाले.

मी विझलो. ते तसेच बसून राहिले. रडले नाहीत, चिडले नाहीत. विझलेल्या पडद्यासमोर माणूस बसावा आणि त्याच्या चेहऱ्यावरही काही नसावं, तसं ते होतं.

पत्नी अहल्या आत आल्या. भूमिकाने सगळं सांगितलं. त्यांनी खिडकीचा काळा पडदा बाजूला सारला. मग म्हणाल्या, "अहो, दोन वर्षं झाली, तुम्ही संध्याकाळी गाडी चालवणं सोडलंत. मी म्हटलं, रहदारीला कंटाळलात."

"मीही तसंच म्हटलं," रघुनंदन म्हणाले.

मंगळवारी ते डॉक्टरांकडे जाऊन आले. काय झालं ते त्यांनी अहल्यांना सांगितलं, तेव्हा मला कळलं. त्यांचा आवाज अगदी सपाट होता, एखाद्या टीव्हीचा दोष वाचून दाखवावा तसा. "डोळ्याच्या मागे पडदा असतो. माझा कडेकडून झिजतोय. मधलं शाबूत आहे, म्हणून वाचता येतं. आधी मंद उजेडातलं जातं, मग कडेचं. पुष्कळ वर्षांपासून चालू असणार म्हणाले. थांबवता येत नाही."

"आणि भूमिका?"

"घराण्यात चालतो हा आजार. तिचेही डोळे तपासायला सांगितलेत."

तेव्हा अहल्या खाली बसल्या. पुढचे चार दिवस तपासणीची वाट बघण्यात गेले. भूमिकाचे डोळे तपासले. सध्या काही दोष नाही, वर्षाला दाखवत राहा, असं सांगितलं. त्या दिवशी रघुनंदन यांनी संकेतस्थळाच्या संपादक सौम्या यांना फोन लावला. स्पीकर चालू करून फोन मांडीवर ठेवला होता, म्हणून पलीकडचंही मला ऐकू आलं.

"सौम्या, ओलेडचं परीक्षण चुकलंय. मागे घ्यायचं."

"छोटीशी दुरुस्ती टाकू, अण्णा. तपासताना गडबड झाली म्हणू."

"कारण लिहायचं."

"कारण लिहिलंत तर उद्यापासून तुमच्या शब्दावर टीव्ही कोण घेईल? वीस वर्षांचं नाव आहे. स्वल्प विचार करा."

"केलाय. त्या पोराने आठ महिने मन लावून काम केलं. माझ्या एका मथळ्याने त्याचं काम गेलं. मी लिहून पाठवतो."

त्यांनी माझ्यासमोर बसूनच लिहिलं आणि अहल्यांना वाचून दाखवलं. फार नव्हतं. 'दोष टीव्हीत नव्हता, माझ्या डोळ्यांत आहे. मंद उजेडातलं आणि कडेचं मला दिसत नाही. संशय मला आधी आला होता. मी टीव्ही नऊ वेळा तपासला, डोळे एकदाही तपासले नाहीत. यंत्राने मोजलेले आकडे खाली देत आहे, ते खरे धरावेत. यापुढे मी परीक्षणं लिहिणार नाही.'

"शेवटचं वाक्य लिहायलाच हवं का?" अहल्यांनी विचारलं.

"हो."

मला न्यायला हर्ष स्वतः आला. त्याला चित्राचं काम अजून परत मिळालं नव्हतं. ते सहा महिन्यांनी मिळालं. मला खोक्यात घातलं होतं, म्हणून पुढचं मी फक्त ऐकलं. हमालांनी मला जिन्यातून खाली नेलं. रघुनंदन आणि हर्ष मागून उतरत होते. जिन्यात अंधार असावा.

"अण्णा, पुढे वळण आहे," हर्ष म्हणाला.

"माहीत आहे. बावीस वर्षं राहतोय इथे."

पावलं थांबली. मग रघुनंदन यांचा आवाज आला, "हात दे."

पुढे मला कंपनीच्या सभेच्या खोलीत टांगलं. तिथे मी दिवसभर तक्ते आणि आलेख दाखवत असे. सगळा उजेडच उजेड. काळा रंग कुणी मागितला नाही. एकाच जागी कंपनीचं नाव रोज झळकत राहिल्याने माझ्या कोपऱ्यात त्याचा डाग पडला. मग माझी जागा दुसऱ्याने घेतली. त्याचंही मला काही वाटलं नाही.

मित्रांनो, टीव्ही मऊ कापडाने पुसा, एकच चित्र तासन्‌तास लावून ठेवू नका, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी दुसरं सांगतो. वर्षातून एकदा डोळे दाखवत जा. आणि घरातलं मोठं माणूस जर म्हणालं, "हा टीव्हीच खराब आहे," तर हसू नका, वाद घालू नका. शेजारी बसा आणि विचारा, "तुम्हाला काय दिसतंय?" येलहंक्याच्या त्या घरात सगळ्यांचा एकमेकांवर फार जीव होता. पण हा प्रश्न विचारायला दोन वर्षं उशीर झाला.