हार कुणी चोरला

दहाव्याला नदीवर कावळा शिवेना. बायको अंजना जाऊन दहा दिवस झाले होते. पिंड ठेवून पाऊण तास झाला तरी कावळे बाभळीवर बसून राहिले. मी हात जोडून म्हणालो, लेक समृद्धीचं बाळंतपण माहेरीच करीन. काही नाही. तुझी गाय विकणार नाही. तरी काही नाही. तेवढ्यात मागून हाजराबी ओरडली, "भाऊ, नलूचं सांगा! हार कुणी चोरला ते बघून सांगीन म्हणा तिला!"

माणसं हसली. माझा पुतण्या पप्पू सगळ्यात मोठ्याने. पण मी ते म्हणालो, आणि कावळा खाली आला.

हाजराबीचं घर आमच्या भिंतीला लागून. तिचा नवरा महंमद हनीफ जुन्नरला टीव्ही आणि डिश दुरुस्त करतो. बावीस वर्षं या दोघी रोज साडेसातला एकत्र टीव्ही बघत. शेवटची दोन वर्षं 'नलूचं घर'. नलूच्या सासूचा हार चोरीला जातो, आळ नलूवर येतो आणि तिला घराबाहेर काढतात. एवढीच गोष्ट. हार दिरानेच चोरला, असं अंजना पहिल्या महिन्यापासून म्हणत होती. मी साडेसात झाले की रिमोट घ्यायचो. मला टोमॅटोचा बाजारभाव बघायचा असायचा. ती उठून हाजराबीकडे जायची. अंजना दवाखान्यात असताना हाजराबी रोज आठला फोन करून तिला सगळा भाग सांगायची. शेवटच्या संध्याकाळीही सांगितला. त्या भागात नलू रिक्षात बसून रडत होती. पुढे काय, ते अंजनाला कळलं नाही.

मग मी बघायला लागलो. रोज, हनीफभाईच्या घरी, पुढच्या खुर्चीवर.

मला राग पहिल्याच आठवड्यात आला. सासू दार उघडते. सासूचा चेहरा तीनदा, प्रत्येक वेळी वीज कडाडल्यासारखा आवाज. मग जाहिराती. परत येऊन तीच सासू तेच दार उघडते.

"हे रोजचंच आहे का?" मी विचारलं.

"भाऊ, ह्यो तर चांगला भाग हाय," हाजराबी म्हणाली. "गुरुवारी आकडे येत्यात, किती लोक बघत्यात त्याचे. आकडे पडले की लांबड लावत्यात."

"आपल्या येळंला तेरा भागात मालिका संपायची," हनीफभाई म्हणाला. "माणूस मरायचा तर मरायचाच. परत यायचा न्हाई."

"तुमच्या येळंला चेहरं दिसत न्हव्हतं. अँटेना फिरवण्यात अर्धा भाग जायचा."

"चेहरा दिसून काय करायचं? झोपताना पण बाई नथ घालती. आपल्या डिंगोरे गावात कोण झोपतं नथ घालून?"

"तुमी गप बसा. भाऊंना बघू द्या."

मी बघितलं. नलूची स्मृती गेली. मग कथा सात वर्षं पुढे गेली आणि सासू आणखी तरुण दिसायला लागली. दिराचं काम करणारा नट बदलला. नवा आला तो एकदम सज्जन. हार कुठेच नाही. पप्पू येता-जाता विचारायचा, "काका, सापडला का चोर? का पोलिसात देऊ तक्रार?" मी त्याला दोनदा शिवी दिली.

सात महिन्यांनी, एका शनिवारी, सगळे आरतीला उभे राहिले. नलूने सासूला नमस्कार केला, सासूने तिला जवळ घेतलं आणि पडद्यावर आलं: आभारी आहोत. सोमवारी साडेसातला लहान मुलं गाणी म्हणत होती.

"आणि हार?" मी म्हणालो.

हनीफभाईने टीव्ही बंद केला. मी घरी आलो आणि स्वयंपाकघरात भांडी आपटली. दुसरं काय करणार. शंभर माणसांसमोर कबूल केलं होतं.

दिवाळीनंतर नव्या मालिकेच्या प्रचाराला चॅनेलची गाडी नारायणगावला आली. बायकांसाठी खेळ होते. हाजराबीने बातमी आणली, 'नलूचं घर' लिहिणाऱ्या वैजयंती मॅडमच ही मालिका लिहितात आणि त्याही येणार आहेत. आम्ही दोघं जीपने गेलो. मंडपात निवेदकाने माझ्यापुढे माईक धरला. "काका, नव्या मालिकेबद्दल काय वाटतं?"

"नलूच्या सासूचा हार कुणी चोरला?"

मंडप हसला. दोन-तीन बायका ओरडल्या, "हां, सांगा की!" निवेदकाने माईक काढून घेतला आणि लिंबू-चमचा पुकारला.

वैजयंती मॅडम गाडीमागे चहा पीत होत्या. तिशीच्या असतील. मी तोच प्रश्न विचारला. आधी त्या हसल्या. मग हाजराबीने त्यांना अंजनाचं सांगितलं, नदीवरचं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"खरं सांगू का काका? चोर तीनदा बदलला. आधी दीर होता. तो नट सोडून गेला. मग नणंद ठरली. मग एका सराफाची जाहिरात मिळाली. ते म्हणाले, दागिना चोरीला गेलेला बरा दिसत नाही, विषय बंद करा. तेवढ्यात आकडे पडले. दोन भागांत गुंडाळा म्हणून फोन आला."

"म्हणजे शेवट कुणाला ठाऊक नाही?"

"लिहिलाच नाही. रोज सकाळी त्या दिवसाचे सीन जायचे. माझी आई पण विचारते. तुम्हाला हवं तर दिरानं चोरला असं समजा. मीच लिहिलंय, मी सांगते."

माझं डोकं फिरलं. "हवं तर? बाई, माझी बायको सलाईन लावून ऐकत होती! तिला वाटत होतं, तुम्हाला ठाऊक आहे आणि तुम्ही ते जपून ठेवलंय. हवं तर काय?"

त्यांचे डोळे भरले. मला दया आली नाही. कुणीतरी माझ्या हातात चॅनेलचं नाव छापलेली पिशवी दिली, आत भिंतीवरचं घड्याळ. मी ती गाडीच्या पायरीवर ठेवून आलो.

जीपमध्ये हाजराबी म्हणाली, "वर्षश्राद्धाला दिराचं नाव सांगून टाका. ती म्हणतच व्हती. खूश हुईल."

"तिच्याशी खोटं बोलू?"

"दिराचं खोटं कसं? आधी त्योच व्हता की."

"आधी होता. मग नव्हता."

गेल्या आठवड्यात वर्ष झालं. गच्चीवर पान वाढून ठेवलं. वरण-भात, गवारीची भाजी, भजी, खीर. कावळा हाजराबीच्या छतावरच्या डिशवर बसून बघत होता. मी मोठ्याने सांगितलं, खालच्यांना ऐकू गेलं तरी चालेल असं. "अंजना, हार कुणी चोरला ते त्यांनाच ठाऊक नाही. लिहिणाऱ्या बाईला नाही, चॅनेलला नाही. मी तोंडावर विचारून आलो. तुला दोन वर्षं फसवलं त्यांनी."

कावळा हलला नाही. खालून पप्पू म्हणाला, "काका, आणखी काहीतरी कबूल करा. येईल."

"काही कबूल करणार नाही," मी ओरडलो. मग हळू म्हणालो, "साडेसातला रिमोट मी घ्यायला नको होता. घरात बसून बघितली असतीस." आणि खाली निघून आलो. तिथं उभं राहवेना.

हात धूत होतो तेव्हा भिंतीपलीकडून हाजराबीने हाक मारली. "भाऊ, आला व्हता! भज्यापास्नं सुरुवात केली."

"खरं सांगतेस, का मला बरं वाटावं म्हणून?"

"मला काय गुरुवारी आकडे येत्यात व्हय, खोटं सांगायला? वर जाऊन बघा की."

मी वर गेलो. पानावर दोन भजी कमी होती.