कूत पळालेल्यांचे फोटो

त्या हिवाळ्यात आमच्या गावातली सगळ्यांत लांब रांग पावाच्या दुकानापुढे नव्हती, सोलतोबायच्या फोटो स्टुडिओपुढे होती. मॉस्कोपासून सुटून देश नवा झाला होता, म्हणून पासपोर्टही नवे हवे होते, आणि पासपोर्टला चेहरा लागतो. नारीन शहराच्या वरच्या अंगाला फोटोवाला तो एकटाच. बायका ठेवणीतले रुमाल बांधून येत, म्हातारे दाढी विंचरून. पण निम्मी गर्दी फोटो काढायला नव्हे, दुसऱ्यांचे फोटो बघायला यायची. कारण काही जणांचे फोटो काळे येत होते. तव्याच्या बुडासारखे काळे.

असा फोटो आला की सोलतोबाय तो बातमा आपाच्या हातात द्यायचा. ही त्याच्या बायकोची मावशी. स्टुडिओतल्या शेगडीजवळची उबदार जागा तिनं अडवून ठेवली होती.

"बघा, लेकरांनो, बघा!" आपा फोटो नाचवत ओरडायची. "कॅमेऱ्यासमोर माणूस बसला होता ना? मग फोटोत का नाही? कारण बसलं होतं ते नुसतं कातडं! कूत कधीच पळालं! डोंगरापलीकडे गेलंय, मला दिसतंय, मागे वळूनसुद्धा बघत नाही!"

कूत म्हणजे माणसाचा जीव, त्याची बरकत. ते गेलं की माणूस वर्षभर पुरत नाही, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. उपाय अर्थातच आपाजवळ होता. एक मेंढी आणायची, आपानं ती सात वेळा माणसाभोवती फिरवायची, कापायची, आणि मांस आपाच्या घरी पोचवायचं. मग दुसरा फोटो काढला की चेहरा लख्ख यायचा. लोक रडत, फोटोला डोळे लावत.

मी गावचा गुरांचा डॉक्टर, त्यामुळे माझं लक्ष माणसांपेक्षा मेंढ्यांकडे जास्त. मला एक गोष्ट खटकली. ज्याच्या गोठ्यात मेंढी नाही, त्याचं कूत कधीच पळत नव्हतं. विधवा मास्तरीणबाईंचा फोटो पहिल्या फटक्यात असा सुरेख आला की गालावरचा तीळही दिसला. गरिबांची कुतं भारी इमानी!

मी मनातल्या मनात हसत राहिलो. पण जुमादिलची पाळी आली तेव्हा हसू गेलं.

जुमादिल माझा शेजारी. छातीला क्षय झालेला. नारीनच्या दवाखान्यातून औषध घेऊन आला होता आणि हळूहळू सुधारत होता. त्याचा फोटो काळा आला. मेंढी कापली, तरी दुसराही काळाच. आपानं त्याच्या छातीला कान लावला आणि दचकून मागे सरली.

"आत गोळ्यांचा वास येतोय! कूत दारापर्यंत येतं नि नाक दाबून परत जातं. आधी गोळ्या बंद कर, बाबा. मग दुसरी मेंढी आण."

जुमादिलनं गोळ्या बंद केल्या. दोन आठवड्यांत त्याचा खोकला भिंतीतून मला ऐकू यायला लागला. मी समजवायला गेलो, तर त्याची बायको बूबूश माझ्यावरच धावून आली. "एसेन, तुम्ही घोड्यांना टोचा! माणसाचा जीव तुम्हाला काय कळतो?"

शेवटी मी नारीन गाठलं आणि दवाखान्यातल्या डॉक्टर उमसुनाई एजेंना सगळं सांगितलं. एजे म्हणजे आमच्याकडे ताई. बाई बोलायला तिखट. दिवसभर लोकांच्या छातीचे एक्स-रे बघणार आणि त्या फिल्म स्वतः धुणार. काळे फोटो ऐकून त्या घाबरल्या नाहीत, उलट त्यांनी विचारलं, "तुमचा फोटोवाला डेव्हलपर कुठे ठेवतो?"

"ते काय असतं?"

"ज्या पाण्यात फिल्मवर चित्र उमटतं, ते औषध."

"शेगडीवरच्या फळीवर बाटली बघितलीय. चहाच्या रंगाची, अर्धी."

एजेंनी कोट चढवला. "चला."

आम्ही पोचलो तेव्हा बूबूशनं मेंढी स्टुडिओच्या दाराला बांधली होती आणि आपा ती जुमादिलभोवती फिरवायच्या तयारीत होती. अख्खा गाव जमला होता. एजे गर्दीतून सरळ आपापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"आपा, कूत असलेल्याचा फोटो येतो, नसलेल्याचा येत नाही. बरोबर?"

"अगदी बरोबर, पोरी."

"मग आधी तुमचा काढू. आणि या मेंढीचाही."

गर्दीत हशा पिकला. आपाला नाही म्हणता येईना. सोलतोबायच्या लाकडी कॅमेऱ्यात प्रत्येक फोटोला वेगळी फिल्म लागायची. आपा ताठ बसली. मेंढीचे कान मी धरले. मग एजे म्हणाल्या, "सोलतोबाय, बाकीच्यांचे फोटो चांगले येतात, म्हणजे कुठेतरी गार जागी, तळघरातच, डेव्हलपरची दुसरी बाटली असणार. बूच घट्ट लावलेली, काठोकाठ भरलेली. ती आण."

सोलतोबायचा चेहरा असा उतरला, की त्याच क्षणी त्याचा फोटो काढला असता तर बिनचेहऱ्याचा आला असता.

साक्षीला गावातले सगळ्यांत वडीलधारे मुकाम्बेत आजोबा आणि मी अंधाऱ्या खोलीत गेलो. एजेंनी आपाची फिल्म शेगडीवरच्या औषधात धुतली, मेंढीची तळघरातल्या औषधात. बाहेर चहाचे दोन फेरे होईपर्यंत फोटो तयार झाले. मुकाम्बेत आजोबांनी ते दारात उंच धरले.

मेंढी झकास आली होती. आपा तव्यासारखी काळी.

"अगं बाई!" कुणीतरी ओरडलं. "आता आपाला मेंढीभोवती फिरवा!"

आपा डगमगली नाही. "मूर्खांनो, ही कुर्बानीची मेंढी! माझं कूत मीच तिला दिलं. एवढं मोठं मन आहे कुणाचं?"

काही माना डोलल्या. बूबूशनं तर मेंढीच्या कपाळाला हात लावून नमस्कार केला. एजे शांतपणे म्हणाल्या, "असेल. मग पुन्हा दोघींचे फोटो काढू. फक्त बाटल्यांची अदलाबदल करू."

या वेळी आपा लख्ख आली, कपाळावरच्या आठ्यांसकट. मेंढी काळी.

एजेंनी दोन्ही बाटल्या ओट्यावर ठेवल्या. एक पाण्यासारखी नितळ, दुसरी तपकिरी.

"हे औषध हवेनं मरतं आणि उबेनं लवकर मरतं. सफरचंद कापून ठेवलं की तांबूस होतं ना, तसंच. बाटली काठोकाठ भरून, बूच लावून गार अंधारात ठेवली तर ते टिकतं. अर्धी बाटली शेगडीपाशी ठेवली की आतली हवा त्याला खाते. मेलेल्या औषधात फिल्मवर काहीच उमटत नाही, ती काचेसारखी कोरी राहते. कोऱ्या फिल्मचा फोटो काळा येतो. दवाखान्यात असं झालं तर मी औषध ओतून देते. रोग्याला मेलेला ठरवत नाही."

"सोलतोबाय," मुकाम्बेत आजोबा हळूच म्हणाले, "बोल."

सोलतोबाय बोलला. मॉस्कोकडून माल यायचा बंद झाला, तेव्हा तो उरलेलं औषध पुरवून पुरवून वापरत होता. एका मोठ्या कळपवाल्याचा फोटो काळा आला. तो आता मारणार म्हणून सोलतोबाय दाराकडे सरकत असतानाच मावशी म्हणाली, कूत पळालं. कळपवाला रागवायचं सोडून पाया पडला. त्यानंतर कोणाची फिल्म कुठल्या बाटलीत जायची, हे मावशी शेगडीजवळ बसून डोळ्यांनी ठरवायची.

"आणि माझ्या माणसाच्या गोळ्या?" बूबूशचा आवाज फुटला. "त्या कुठल्या बाटलीत घातल्यास, आपा?"

आपानं शाल सावरली आणि म्हणाली, "श्रद्धा नसलेल्या घरात मी थांबत नाही." आणि निघून गेली. तिच्यामागे चार बायका गेल्यादेखील. हे सांगायला वाईट वाटतं, पण खोटं कशाला सांगू?

जुमादिल त्याच दिवशी एजेंच्या गाडीतून नारीनला गेला. गोळ्या अर्ध्यावर सोडल्यानं रोग हट्टी झाला होता; पहिल्यापेक्षा लांब आणि कडू इलाज घ्यावा लागला. बरा झाला, पण एक फुप्फुस कायमचं अधू राहिलं. कुरणावर चढताना तो आता दर वळणावर बसतो. सोलतोबायनं काळ्या फोटोवाल्यांना नवे फोटो फुकट काढून दिले. मेंढ्या मात्र कुणी कुणाला परत देऊ शकलं नाही.

मी एवढंच म्हणतो, माझ्या बंधूंनो आणि बहिणींनो: भीतीसुद्धा एक माल आहे, आणि तो विकणाऱ्याकडे उपाय नेहमी तयार असतो. कुणी तुमचा जीव गेला म्हणून सांगितलं, तर रडण्याआधी विचारा, "पुन्हा करून दाखवता? माझ्यासमोर? आणि या वेळी बाटली मी निवडू?" खरं असेल त्याला हा प्रश्न बोचत नाही. आणि औषध चालू असेल तर ते कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. विचारायचंच असेल, तर ज्यानं दिलं त्याला विचारा.