शेवटपर्यंत ऐकायचं

ती तिसऱ्या ओळीवर होती तेव्हा ताट भिंतीवर आपटलं.

साखरेच्या डब्याला फोन टेकवून ती ओट्यापाशी गात उभी होती. दार कधी उघडलं ते तिला कळलंच नाही. मुलगा एरवी इतक्या लवकर घरी येत नसे. टेबलावर झाकून ठेवलेलं ताट त्याने उघडलं, बोट लावून पाहिलं आणि भिरकावलं. ती वळेपर्यंत पहिली थप्पड उजव्या कानावर बसली. मुलगा डावखुरा होता, त्यामुळे तिचं सगळं दुखणं उजव्या बाजूला असे.

"कोणासाठी गातेस?" तो म्हणाला. "कोण आहे फोनमध्ये?"

"कोणी नाही रे. नुसतं गाणं..."

"इथे जेवण गार, आणि बाईसाहेब गाणी म्हणतायत."

त्याने तिचे केस धरून तिला कपाटावर आदळलं. वरच्या फळीवरचे काचेचे पेले एकामागून एक खाली आले. फोन ओट्यावरून घसरला आणि फरशीवर पालथा पडला. ती खाली बसली, कारण खाली बसलं की लाथा पाठीवर बसतात, तोंड वाचतं. या वेळी तेही वाचलं नाही. "सशा, डोक्यात नको रे," ती म्हणत राहिली, "डोक्यात नको." तो शिव्या देत होता आणि मारत होता. थांबला तो दमला म्हणून. दयाबिया काही नाही. मग आत जाऊन पलंगावर आडवा झाला, आणि थोड्या वेळात घोरायला लागला.

तिने नळाखाली तोंड धुतलं. पाण्याबरोबर दाताचा एक तुकडा गेला. मग तिने केरसुणी घेतली आणि ओट्याखालच्या, टेबलाखालच्या, आतल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत उडालेल्या सगळ्या काचा भरल्या. उजवा डोळा मिटला होता, म्हणून हात फिरवून फरशी चाचपून पाहिली. शेवटी फोन उचलला. एका डोळ्याने पडद्यावरचं धड वाचता येत नव्हतं. तो पडला तेव्हाच रेकॉर्डिंग थांबलं असणार, दोनतीन ओळी आल्या असतील तेवढ्याच, असं तिला वाटलं. ऐकून पाहायचं तर कानात शिट्टी वाजत होती. गाणं टाकायची आज तिची पाळी होती. तुकडा तर तुकडा, म्हणून तिने तो ग्रुपवर पाठवून दिला.

ग्रुपचं नाव होतं 'अनोळखी'. जगभरातली न ऐकलेली गाणी एकमेकांना ऐकवायची आणि त्यांवर भांडायचं, एवढाच त्यांचा धंदा. ज्याची पाळी असेल त्याने गाणं टाकायचं, पण नाव, गाव, भाषा काही सांगायचं नाही. बाकीच्यांनी ते शेवटपर्यंत ऐकायचं, मधेच सोडायचं नाही, आणि काय वाटलं ते लिहून पाचपैकी गुण द्यायचे. सगळ्यांचं लिहून होईपर्यंत टाकणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. मग ग्रुप चालवणारे मास्तर विचारत, "कोणाचं?" आणि त्याने सांगायचं. मागच्या महिन्यात कोणीतरी नुसतं दगडखाणीच्या आवाजांचं गाणं टाकलं होतं, ते सगळ्यांनी डोक्यावर घेतलं होतं.

या ग्रुपवर तिचं नाव 'वाफ' होतं. हॉस्पिटलच्या लाँड्रीत तिचं अर्धं आयुष्य वाफेत गेलं होतं, म्हणून तिनेच ते घेतलं. तिथे कोणी कोणाला पाहिलेलं नव्हतं. तिथे ती कोणाची आई नव्हती, कोणाची विधवा नव्हती. तिने लिहिलं की टॅक्सी चालवणारा 'रेडिओ' म्हणायचा, "वाफताईंचा कान सोन्याचा आहे." त्याच कानावर घरी काय बसतं, ते त्याला काय ठाऊक.

नवरा साधा माणूस होता. झुरळसुद्धा मारायचा नाही, कागदावर घेऊन बाहेर सोडायचा. मुलगा पाळण्यात असतानाच तो गेला. मग ती मुलाला घेऊनच कामावर यायची. धुतलेल्या चादरींच्या ट्रॉलीत, पांढऱ्या ढिगात त्याला निजवायची. मशीनच्या घरघरीवर तिने एक अंगाई जुळवली होती. ती त्या दोघांखेरीज कोणी ऐकलेली नव्हती, आणि म्हणूनच तिला ती ग्रुपवर टाकायची होती:

घूम घूम पाणी, फिर फिर पाणी,
मळ गेला धुऊन, उरली गाणी,
पांढऱ्या ढिगात पांढरा ससा,
निजला नाही तर निजेल कसा?

तो ससा आता दारातून वाकून आत यायचा आणि हाताला लागेल त्याने मारायचा. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कोणाला? भिंतीला कान असतात म्हणतात. शेजाऱ्यांच्या भिंतीला होते, पण आवाज सुरू झाला की ते टीव्ही मोठा करत.

सकाळी कामावर चादरींच्या घड्या घालायच्या होत्या. चादरीची दोन टोकं दोघींनी धरायची, ताणायची, आणि टोकाला टोक जुळवायला एकमेकींकडे चालत यायचं. समोर नेहमीची घडीवाली होती. इतक्या वर्षांत दोघींनी किती चादरी घडी केल्या असतील त्याला गणती नाही. दर घडीला दोघींचे चेहरे वीतभर अंतरावर येत, त्यामुळे घडीवालीपासून चेहरा लपवणं अशक्य होतं.

"आज काय, जिन्यात पडलीस?" घडीवालीने विचारलं.

"न्हाणीघर. साबण होता."

"तुमच्या घरात साबण फार गं." घडीवालीने चादर झटकून ताणली. पुढच्या घडीला जवळ आल्यावर हळूच म्हणाली, "मी विचारायचं सोडणार नाही हं. तू खोटं बोलायचं सोडू नकोस."

चहाच्या सुटीत ती कोमट गठ्ठ्यांच्या मागे जाऊन बसली आणि फोन उघडला. ग्रुपवर नुसता पाऊस पडला होता.

"आई शप्पथ," रेडिओने लिहिलं होतं. "सुरुवात अंगाईची, आणि मग अख्खं घर अंगावर येतं. ताल मुद्दाम तोडलाय. मी गाडी बाजूला घेऊन ऐकलं. पाचपैकी साडेचार."

मास्तरांनी लांबलचक लिहिलं होतं. "काचेचा इतका धीट वापर मी ऐकला नव्हता. पुरुषाचा आवाज जरा नाटकी आहे, बाई मात्र अस्सल. 'डोक्यात नको रे' ही ओळ ती पुन्हा पुन्हा म्हणते आणि दर वेळी सूर खाली आणते. ज्याने कोणी हे केलंय त्याला संगीत कळतं."

आणखी कोणीतरी लिहिलं होतं, "शिव्या थोड्या कमी चालल्या असत्या."

तिने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग इअरफोन डाव्या कानात घातला आणि स्वतःला मार खाताना ऐकलं. फोन पडला होता, रेकॉर्डिंग थांबलेलं नव्हतं. तिने ते मधेच बंद केलं. सगळ्यात वाईट म्हणजे, 'बाई मात्र अस्सल' वाचताना तिला क्षणभर बरं वाटलं होतं, आणि त्या बरं वाटण्याचीच तिला आता शिसारी आली.

फक्त एकाचं लिहायचं राहिलं होतं. त्याला सगळे 'नन्ना' म्हणत, कारण आलेल्या प्रत्येक गाण्यापुढे त्याचा नन्नाचा पाढा ठरलेला. तो कधी कोणाला दोनच्या वर गुण देत नसे. ती पाहत असतानाच त्याची ओळ आली.

"हे गाणं नाही."

"नन्ना, तुम्हाला आजवर एक तरी गाणं गाणं वाटलंय का?" रेडिओने लगेच चिमटा काढला.

"वाईट गाण्याला मी वाईट म्हणतो. हे गाणंच नाही. शेवट नीट ऐका. नळ वाहतो, मग कोणीतरी काचा झाडतं, आणि झाडताना तीच अंगाई गुणगुणतं, तोंडाला लागल्यासारखी. गाण्यात लोक काचा फोडतात. भरत कोणी नाही."

आपण गुणगुणत होतो हे तिला त्याच्याकडून कळलं.

मग मास्तरांचा प्रश्न आला, नेहमीचाच, पण या वेळी घाबरत आल्यासारखा: "वाफ, सगळ्यांचं लिहून झालंय. कोणाचं?"

तिने फोन खिशात टाकला. झाकली मूठ सव्वा लाखाची. नाव सांगितलं की मुलगा गेला. पोलीस, कोर्ट, लोकांची तोंडं. आणि तिला एवढा एकच होता. नाही सांगितलं तर पुढच्या खेपेला डोकं. हे दोन्ही तिला अगदी स्वच्छ दिसत होतं, आणि ती मुकाट्याने चादरी घडी करत राहिली.

संध्याकाळी मुलगा घरीच होता. "फोन दे," तो म्हणाला. "सारखा वाजतोय तो. बघू कोण आहे."

तिने दिला नाही, त्याने घेतला. ग्रुप उघडाच होता. त्याने वाचलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि तिची अंगाई वाजवली. क्षणभर त्याचा चेहरा सैल पडला, कारण ते गाणं त्याला कुठेतरी आठवत असणार. मग ताट आपटलं आणि त्याचा स्वतःचा आवाज खोलीत आला.

माणसाला आपला आवाज परका वाटतो म्हणतात. त्याने तो थोडासाच ऐकला आणि बंद करायला बोट नेलं.

"शेवटपर्यंत ऐक," ती म्हणाली.

"काय?"

"नियम आहे. मधेच सोडायचं नाही. शेवटपर्यंत ऐक, सशा."

त्याने फोन भिंतीवर मारला. काच फुटली, पण आवाज चालूच राहिला, "डोक्यात नको रे, डोक्यात नको," आणि तो त्या आवाजावर पाय आपटू लागला. तिने फोन उचलायला हात घातला. त्याने तोच हात पिरगळला, गुडघ्यावर ठेवला आणि वरून जोर दिला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. ती किंचाळली. ग्रुपवर कोणी याला काय गुण दिले असते, असला वेडा विचार त्या वेदनेतही तिच्या मनात येऊन गेला. त्याने तिच्या तोंडावर पुन्हा मारलं, पुन्हा मारलं, तिची मान मागे टेबलाच्या कडेवर आपटली. "जगात बदनाम करतेस मला? मला?" पलीकडे टीव्ही मोठा झाला. त्याने टेबल उलथवलं आणि तो दार सताड उघडं टाकून निघून गेला.

ती पडल्या जागी थोडा वेळ पडून राहिली. मग सरपटत फोनपाशी गेली. काचेला जाळं पडलं होतं, तरी खालून अक्षरं दिसत होती. डाव्या हाताच्या अंगठ्याने, एकेक अक्षर शोधत तिने लिहिलं:

"पहिला आवाज माझा आहे. दुसरा माझ्या मुलाचा. गाणं नाही."

उत्तरं धडाधड आली. रेडिओने नुसतं "ताई, माफ करा" लिहिलं. नन्नाने विचारलं, "आत्ता तो घरात आहे का?"

"नाही."

"तुमच्याजवळ कोण आहे?"

तिने विचार केला. "एक जण आहे. आम्ही चादरी घडी करतो," तिने लिहिलं.

"तिच्याकडे जा. पोहोचलात की इथे लिहा. आम्ही इथेच बसलोय."

घडीवालीने दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि या वेळी काही विचारलं नाही. चपला पायात सरकवल्या आणि तिचा चांगला हात धरला.

पोलीस चौकीतला हवालदार वाईट नव्हता, कंटाळलेला होता. त्याने फोन कानाला लावला, थोडं ऐकलं आणि खाली ठेवला. "कळलं, मावशी. मारहाण आहे."

"शेवटपर्यंत ऐका, साहेब."

"कळलं म्हणतोय ना."

"ऐका की हो," घडीवाली म्हणाली. "तिने शेवटपर्यंत मार खाल्लाय, तुम्हाला ऐकवत नाही?"

हवालदाराने पुन्हा फोन उचलला. ऐकता ऐकता त्याचं पेन हलायचं थांबलं. "हा शेवटी कसला आवाज आहे? खरखर."

"काचा भरत होते."

"एवढा मार खाऊन? त्याच वेळी?"

"तो घरात अनवाणी फिरतो," ती म्हणाली. "पायात गेल्या असत्या."

हवालदाराने तिच्याकडे पाहिलं आणि कागद पुढे ओढला.

मुलाला त्यांनी उचललं. काही आठवडे आत राहिला, मग सुटला. घराच्या आसपास फिरकायचं नाही, असा हुकूम झाला. ती प्लास्टरमधला हात घेऊन लाँड्रीत जाऊ लागली. एका हाताने चादर धरता येत नव्हती, तर घडीवाली दुसरं टोक तिच्या काखेत अडकवून द्यायची. ग्रुपवर तिची पाळी दोनदा आली आणि दोन्ही वेळा मास्तरांनी न विचारता पुढच्याला दिली. नन्ना मात्र अधूनमधून एकटाच विचारायचा, "आज कान कसा आहे?"

एका संध्याकाळी ती इअरफोन लावून कोणाचं तरी गाणं ऐकत होती. न समजणाऱ्या भाषेतली कोणी बाई मोकळ्या आवाजात गात होती. गाण्यात मधेच ठोके आले. ते गाण्यातले नव्हते.

"आई, दार उघड."

तिने इअरफोन काढले. कडी लावलेली होती.

"आई, मी आहे. बोलायचंय नुसतं." मग लाथ बसली. बिजागरी करकरली. "उघड म्हणतो ना! तुझ्यामुळे झालं सगळं, तुझ्यामुळे!" दार थरथरत होतं आणि ती दारासमोर उभी होती, डावा हात कडीपासून वीतभर अंतरावर. या वेळी शेजारचा टीव्ही मोठा झाला नाही. तो बंद झाला, आणि जिन्यात कोणाचं तरी दार उघडल्याचा आवाज आला.

लाथा थांबल्या. दाराला कोणीतरी कपाळ टेकल्यासारखं वाटलं. "आई," तो अगदी हळू म्हणाला, "ससा आलाय."

तिचा हात कडीला लागला. लोखंड गार होतं. तोंडात हुंदका आला तो तिने दातांत धरला, जे दात उरले होते त्यांत. हात कडीवर तसाच राहिला आणि कडी जागची हलली नाही.

बऱ्याच वेळाने पावलं वळली. ती जिना उतरू लागली, एका मजल्यावर थांबली, पुन्हा उतरू लागली. तिने आपला उजवा कान, तो अर्धा गेलेला, दाराला लावला, मग मान वळवून डावा लावला. फाटकाचा आवाज झाला, मग रस्त्यावरची पावलं, ती ऐकू यायची बंद होईपर्यंत तिने ऐकली. पायात चपला होत्या, आवाजावरून कळत होतं.